धूर कोणाकडे जाणार?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी आम्हा यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एक शिस्त लावली होती. गणित मांडण्याआधी त्या यंत्राच्या भरवशावर कोण माणूस उभा आहे, हे सांगायचे. ते सांगता आले नाही तर वही परत मिळायची. रस्त्याच्या बोगद्यातले वायुवीजन आणि आगीपासूनचे संरक्षण हा आजचा विषय त्या शिस्तीला धरूनच निवडला आहे. बोगद्यातल्या पंख्यांच्या भरवशावर कोण असतो? सहलीला निघालेले कुटुंब, रात्रपाळीचा ट्रकचालक, एसटीतले पन्नास प्रवासी. यांच्यापैकी कोणीही त्या पंख्यांकडे मान वर करून पाहिलेले नसते.

आणि आता हा प्रश्न आपल्या घराजवळ आला आहे. मुंबईच्या किनारी रस्त्यावर प्रियदर्शनी पार्क ते गिरगाव चौपाटी असे सुमारे दोन किलोमीटरचे जुळे बोगदे २०२४ मध्ये सुरू झाले. समृद्धी महामार्गावरचा इगतपुरी आणि कसारा यांच्यामधला जवळपास आठ किलोमीटरचा जुळा बोगदा २०२५ च्या जूनमध्ये खुला झाला. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरच्या ‘मिसिंग लिंक’मधला मोठा बोगदा नऊ किलोमीटरच्या घरात जातो. कोकणात कशेडी आहे. ठाणे–बोरिवलीचे जुळे बोगदे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून काढायचे आहेत. भातण, माडप, कामशेत या बोगद्यांतून आपण गाणे संपायच्या आत बाहेर पडत होतो. आठ-नऊ किलोमीटर ही वेगळीच गोष्ट आहे. मधोमध गाडी पेटली तर कोणत्याही तोंडाकडे चालत जायला तास लागेल. धूर तेवढा वेळ देत नाही.

गाड्यांसाठी बोगदा करताना मुळात आगीची नव्हे, हवेची काळजी होती. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी यांना हडसन नदीखालून जोडणारा हॉलंड बोगदा १९२७ मध्ये सुरू झाला. तो पुरा होताना पाहणे ज्यांचे नाव त्याला आहे त्या क्लिफर्ड हॉलंड यांच्या नशिबी नव्हते. ते १९२४ मध्ये गेले. त्यांची जागा घेणारे मिल्टन फ्रीमन पुढच्याच वर्षी गेले आणि काम ओले सिंगस्टाड यांनी तडीस नेले. पेट्रोलच्या गाड्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड माणसाला किती झेपतो, हेच तेव्हा नीट ठाऊक नव्हते. म्हणून येल विद्यापीठात स्वयंसेवकांना बंद खोलीत बसवून ते मोजले गेले आणि हवेच्या दहा हजार भागांत चार भाग ही मर्यादा धरून पंखे ठरवण्यात आले. चौऱ्याऐंशी पंखे बसवले. ताजी हवा रस्त्याच्या कडेने खालून येते, वापरलेली हवा छतातून वर जाते आणि साधारण दर दीड मिनिटाला बोगद्यातली सगळी हवा बदलते. १३ मे १९४९ रोजी याच बोगद्यात कार्बन डायसल्फाइडची पिंपे नेणारा ट्रक पेटला. सहासष्ट माणसे जखमी झाली, छताची चाळण झाली, पण प्रवाशांपैकी कोणी दगावले नाही. विषारी वायूसाठी मांडलेला हिशेब आगीच्या दिवशी कामी आला. रचना उदार मनाने केली की असे घडते, असे मला मनापासून वाटते.

आता माँ ब्लाँ. आमच्या क्षेत्रातल्या कोणत्याही माणसाला विचारा, तो इथे थांबतोच. फ्रान्स आणि इटली यांना आल्प्सखालून जोडणारा ११.६ किलोमीटरचा हा बोगदा १९६५ चा. एकच नळी, येणारी-जाणारी वाहने समोरासमोर. २४ मार्च १९९९ च्या सकाळी एक बेल्जियन ट्रक फ्रान्सच्या बाजूचा टोल भरून आत शिरला. मालात मैदा आणि मार्गारीन. समोरून येणारे चालक दिवे लावून खुणा करू लागले, कारण ट्रकमागून धूर निघत होता. बोगद्याच्या मध्याजवळ चालकाने गाडी उभी केली, उतरला, आणि काही क्षणांत ज्वाळांचा लोळ उठला. तो इटलीच्या दिशेने पळाला आणि वाचला. ती आग दोन दिवसांहून अधिक काळ धुमसत राहिली. एकोणचाळीस माणसे गेली.

मैदा आणि मार्गारीन हे दोन्ही पदार्थ धोकादायक मालाच्या कोणत्याही यादीत नाहीत. हा धडा पचवायला तज्ज्ञांनाही वेळ लागला. २००३ मध्ये नॉर्वेतल्या रुनेहामार या वापरात नसलेल्या बोगद्यात मालट्रकच्या आगीचे प्रयोग झाले. लाकडी पॅलेट, प्लॅस्टिक, फर्निचर असा रोज रस्त्यावरून जाणारा माल पेटवला, तेव्हा सर्वांत मोठ्या आगीने दोनशे मेगावॉटचा टप्पा ओलांडला. एक मोटार पेटली तर पाच मेगावॉटच्या आसपास उष्णता निघते, बस पेटली तर तीस. म्हणजे गाद्यांनी भरलेला ट्रक पेट्रोलच्या टँकरइतकाच भयंकर ठरू शकतो. टँकरवर सूचना रंगवलेल्या असतात, गाद्यांच्या ट्रकवर काहीच नसते.

माँ ब्लाँमध्ये माणसे गेली ती मात्र ज्वाळांमुळे नव्हे, हवेमुळे. तिथले पंखे दोन देशांत विभागलेले होते. दोन कंपन्या, दोन नियंत्रण कक्ष, बोगद्याची अर्धी-अर्धी जबाबदारी. रस्त्याखालच्या वाहिन्यांतली एक अशी होती की तिच्यातून हवा आत सोडता यायची किंवा धूर बाहेर ओढता यायचा, गरजेप्रमाणे. इटलीच्या कक्षातून त्या वाहिनीने हवा आत सोडली गेली. आत अडकलेल्यांना ताजी हवा मिळावी, हाच हेतू. पण त्या सकाळी बोगद्यात वारा मुळातच इटलीकडून फ्रान्सकडे वाहत होता. त्यात ही भर पडली आणि सगळा धूर ट्रकच्या मागे उभ्या राहिलेल्या गाड्यांवर लोटला. त्या गाड्या फ्रान्सकडून आलेल्या होत्या. बहुतेक मृतदेह गाड्यांत किंवा गाड्यांपासून थोड्या अंतरावर सापडले. बऱ्याच जणांनी काचा लावून आत बसून राहणे पसंत केले होते, आणि सुरुवातीची पाच-दहा मिनिटे तिथेच संपली.

पिएरलूचो तिनात्सी हा बोगद्याचा सुरक्षा कर्मचारी. मोटारसायकलवरून धुरात शिरला आणि एका ट्रकचालकाला घेऊन कडेच्या निवाऱ्यात गेला. निवाऱ्याला ताजी हवा होती, दार आगीला तोंड देणारे होते, पण दोन तासांपुरते. आणि त्या निवाऱ्यातून बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती. दोघेही तिथेच गेले. ज्या खोलीला मागचे दार नाही, तिला निवारा म्हणायला मी तयार नाही. बोगदा २००२ मध्ये पुन्हा उघडला तेव्हा रस्त्याखालच्या ताज्या हवेच्या वाहिनीतून निवारे एकमेकांना जोडले गेले, धूर ओढण्याची सोय छतभर झाली आणि नियंत्रण कक्ष एक झाला. एक झाला, हे सर्वांत महत्त्वाचे. पंखे होते, वाहिन्या होत्या, माणसे कामावर हजर होती. धूर कोणाकडे लोटायचा हे एका ठिकाणी, आधीच, ठरलेले नव्हते.

मला आज जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. बोगद्यातला धूर नाहीसा करता येत नाही, त्याला फक्त दिशा देता येते. आणि प्रत्येक दिशेला माणसे असू शकतात. त्यामुळे पंख्याचे बटण हा अभियांत्रिकीचा निर्णय वाटला तरी तो माणसांबद्दलचा निर्णय आहे.

आपल्याकडच्या नव्या बोगद्यांत बहुतांश एक नळी जाण्याची, एक येण्याची अशी रचना असते. तिथे लांबीच्या दिशेने हवा ढकलण्याची पद्धत सोयीची पडते. छताला जोडी-जोडीने जेट फॅन टांगतात. प्रत्येक फॅनमधून ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने झोत सुटतो आणि तो आजूबाजूची हवा ओढत नेतो. एरवी गाड्याच पिचकारीतल्या दट्ट्यासारख्या हवा पुढे ढकलत असतात, म्हणून रोजच्या रहदारीत हे फॅन बऱ्याचदा बंदच असतात. किनारी रस्त्याच्या बोगद्यात सकार्डो पद्धत आहे. बोगद्याच्या तोंडाशी मोठ्या पंख्यांनी एका निमुळत्या वाटेने हवेचा जोरदार झोत आत सोडायचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीच्या अपेनाइन डोंगरातल्या रेल्वेच्या बोगद्यासाठी मार्को सकार्डो यांनी ती काढली. पंखे तोंडाशीच असल्याने दुरुस्तीसाठी वाहतूक रोखावी लागत नाही. वाहत्या गाड्यांच्या डोक्यावर टनभर वजनाचा फॅन टांगायचा, त्याच्या अँकर-बोल्टची ओढून चाचणी घ्यायची, वर सुरक्षेची साखळी बांधायची आणि मग वर्षानुवर्षे खडकातून झिरपणाऱ्या पाण्यापासून ते बोल्ट सांभाळायचे. हे ज्याने केले आहे त्याला तोंडाशीच पंखे असण्याचे मोल कळेल.

आग लागली की या पद्धतीचा हिशेब असा असतो. आगीच्या पुढच्या गाड्या धूर पोहोचण्याआधी बोगद्याबाहेर निघून जातील. मागे अडकलेल्यांकडे धूर उलटा येऊ नये, इतक्या वेगाने हवा पुढे ढकलायची. हा वेग साधारण सेकंदाला तीन मीटर लागतो. त्याहून कमी पडला तर गरम धूर छताला चिकटून वाऱ्याविरुद्ध मागे सरकतो, थंड होऊन भिंतींवरून खाली उतरतो आणि रांगेत उभ्या असलेल्यांना गाठतो. पंखे निवडताना आणखीही धरावे लागते की आगीजवळचे दोन-चार फॅन जळून जातील आणि बाकीचे गरम, विरळ हवेत फिरताना कमी जोर देतील.

हा सगळा हिशेब एका वाक्यावर उभा आहे, ‘पुढच्या गाड्या निघून जातील.’ आणि पुढे सिग्नलला कोंडी असेल तर? बोगद्याबाहेरच्या चौकात मिरवणूक अडली असेल तर? पुढच्या गाड्या जागच्या हलत नाहीत, आणि आपण शिकवल्याप्रमाणे पंखे सगळा धूर त्यांच्यावर सोडतात. म्हणून शहरातल्या बोगद्याची अग्निसुरक्षा बोगद्याबाहेरच्या सिग्नलपासून सुरू होते, असे मी मानतो. आत रांग लागायला लागली की तोंडावरच गाड्या थांबवायच्या, आणि हा अधिकार नियंत्रण कक्षातल्या माणसाला कोणालाही फोन न करता वापरता आला पाहिजे. वाहतूक पोलीस आणि बोगद्याचा कक्ष यांच्यात ही गोष्ट लेखी ठरलेली असावी.

तीच गोष्ट दुरुस्तीच्या रात्रीची. एक नळी बंद ठेवून दोन्हीकडची वाहने दुसऱ्या नळीतून सोडली, की त्या रात्रीपुरता तो बोगदा माँ ब्लाँ होतो. आगीच्या दोन्ही बाजूंना माणसे. तेव्हा पंखे एकदम जोरात सोडणे घातक, कारण छताखालचा धुराचा थर ढवळून खाली येतो. आधी हवा संथ ठेवायची, माणसांना दारांकडे जाऊ द्यायचे, मग धूर काढायचा. दिवसाचा आराखडा त्या रात्री लागू होत नाही, हे कक्षातल्या माणसाला रात्री दोन वाजता आठवायला लागू नये. समोरच्या पडद्यानेच सांगितले पाहिजे.

आपल्या सह्याद्रीतल्या बोगद्यांना आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. उताराच्या बोगद्यात धूर धुराड्यासारखा चढाकडे धावतो. चढणाऱ्या नळीत हे पथ्यावर पडते. गाड्याही वर, धूरही वर, पंख्यांना मदतच. उतरणाऱ्या नळीत मात्र पंख्यांना धूर खाली ढकलायचा असतो, त्याच्या स्वभावाविरुद्ध. तिथे हवेचा वेग जास्त लागतो, फॅन जास्त लागतात. आणि घाट उतरणाऱ्या अवजड गाड्यांचेच ब्रेक तापलेले असतात. बोरघाटात किंवा कसाऱ्यात ब्रेक लायनरचा जळका वास कोणाला ठाऊक नाही? म्हणजे जिथे धूर आवरणे अवघड, तिथेच आग लागण्याची शक्यता अधिक. दोन्ही नळ्यांना सारखेच फॅन बसवलेले दिसले, तर मी पहिला प्रश्न याबद्दल विचारीन. माँ ब्लाँमध्ये आता अवजड वाहने आत जाण्याआधी उष्णता टिपणाऱ्या कमानीखालून जातात. तापलेले चाक किंवा इंजिन तिथेच पकडले जाते. घाटमाथ्यावर, बोगद्याच्या अलीकडे, आपल्याला याची फार गरज आहे.

आता दाराकडे येतो. जुळ्या बोगद्यांना ठरावीक अंतरावर आडव्या वाटांनी जोडतात. आपल्याकडे हे अंतर साधारण तीनशे मीटर धरतात. जम्मूतल्या चेनानी–नाशरी बोगद्यात समांतर सुटकेचा बोगदा आहे, अटल बोगद्यात रस्त्याच्या खालीच सुटकेची वाट आहे. स्वित्झर्लंडमधल्या गोट्थार्डमध्ये २००१ च्या ऑक्टोबरमध्ये आग लागली, अकरा जण गेले, पण शेजारच्या सुरक्षा-बोगद्यामुळे कितीतरी माणसे चालत बाहेर आली. वाट असते, प्रश्न दार उघडण्याचा असतो. धूर आत येऊ नये म्हणून वाटेत हवेचा दाब जास्त ठेवतात. दोन चौरस मीटरच्या दारावर पन्नास पास्कल दाब म्हणजे शंभर न्यूटन, अदमासे दहा किलोचे बळ. बिजागरापासून दूर, मुठीपाशी, ते निम्मे जाणवते. दार आपोआप लावणाऱ्या वरच्या क्लोजरचा जोर धरूनही हे जमते. पण पंख्याची झडप चुकीची लागली आणि दाब तीनशे पास्कल झाला, तर तीच मूठ तीस किलोने ओढावी लागेल. सत्तरीच्या आजी तीस किलो ओढतील का? दाराची चाचणी घेताना जवान मुलाला पुढे करू नये. साध्या ताणकाट्याने मोजावे, सगळे पंखे चालू असताना मोजावे, आणि प्रत्येक दाराचे मोजावे.

बोगद्याबाहेरच्या टोलनाक्याबद्दलही बोलायला हवे, कारण तिथली हवा हाही दुर्लक्षित प्रश्न आहे. बूथमधल्या माणसासाठी आपण एसी लावतो आणि समाधान मानतो. भिंतीवरचा एसी आतलीच हवा थंड करून फिरवतो, ताजी हवा आणत नाही. पैसे देऊन ट्रक पहिल्या गिअरमध्ये जोर मारतो तेव्हा सगळा काळा धूर खिडकीशी असतो. बूथला हवा हवी ती लेनपासून लांबून, उंचावरून, गाळून आणलेली, आणि इतकी की खिडकी उघडली तरी हवा बाहेरच वाहावी. खिडकीची फट एक तृतीयांश चौरस मीटर धरली, तर तासाला चारएकशे घनमीटर हवा पुरते. एका छोट्या पंख्याचे काम आहे. फास्टॅग २०२१ मध्ये सक्तीचा झाला, आणि ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल गेला. उरला तो अवजड डिझेल वाहनांचा. गाड्या कमी झाल्या म्हणून बूथमधल्या माणसाची हवा सुधारली, असे धरून चालू नये. मोठ्या नाक्यांवर लेनखालून कर्मचाऱ्यांसाठी आणि केबलसाठी भुयारी वाट असते. तिचा जिना लेनमध्येच उघडतो. टँकर धडकला तर सांडलेले इंधन जिन्याने खाली उतरू नये म्हणून उंच उंबरठा, गटाराची उलटी दिशा आणि वाटेला दोन्ही टोकांना बाहेर पडायची सोय, एवढे तरी हवेच. आणि बोगदा संपल्याबरोबर नाका नको. रांग मागे बोगद्यात शिरते, आणि मघाचाच प्रश्न उभा राहतो.

पाण्याविषयी थोडक्यात. बोगद्यात फवारे बसवू नयेत, वाफेने धूर खाली येईल, असे मत युरोपात बरीच वर्षे होते. ऑस्ट्रेलिया आणि जपानने ते मानले नाही. मेलबर्नच्या बर्नली बोगद्यात २३ मार्च २००७ रोजी ट्रक आणि मोटारींची धडक होऊन आग लागली. तिघे गेले, पण फवारे आणि धूर ओढणारे पंखे लगेच सुरू झाल्याने आग पसरली नाही आणि बाकीचे शेकडो लोक चालत बाहेर आले. इगतपुरी–कसारा बोगद्यात उच्च दाबाने पाण्याचे तुषार सोडणारी यंत्रणा आहे. मी या निर्णयाचे मनापासून स्वागत करतो. तिला जपणे सोपे नाही. बारीक नोझल, गाळण्या, पंप, व्हॉल्व्ह, सगळ्यांना धूळ आणि काजळी सतत लागलेली असते. देखभालीच्या निविदेत सर्वांत कमी दर भरणाऱ्याला हे काम देणार असू, तर पाचव्या वर्षी ती यंत्रणा कितपत चालेल, याची मला काळजी वाटते.

तुम्हा प्रवाशांसाठी दोन-तीन गोष्टी. बोगद्यात पुढे धूर दिसला तर गाडी वळवू नका. कडेला लावा, इंजिन बंद करा, किल्ली गाडीतच ठेवा, सामान सोडा आणि हिरव्या पाटीच्या दाराकडे चालू लागा. काय झाले ते पाहायला थांबू नका. घोषणा ऐकू येण्याची वाट पाहू नका.

आणि शासनाकडे, महामंडळांकडे माझी मागणी. प्रत्येक लांब बोगद्यात वाहतूक सुरू होण्याआधी आणि त्यानंतर दरवर्षी खऱ्या गरम धुराची चाचणी व्हावी. स्पिरिटची थाळी पेटवून, त्यावर धूर सोडून, पंखे कक्षातून चालवून, अग्निशमन दलाला बोलावून. एकदा दिवसाच्या आराखड्याने, एकदा दोन्हीकडची वाहतूक एका नळीतून चालू असल्याचे धरून. धूर कोणत्या दिशेला गेला, किती मिनिटांत, कोणत्या दाराला किती जोर लागला, बाहेरचा सिग्नल कोणी आणि कधी थांबवला, याचा अहवाल त्या बोगद्याचा टोल भरणाऱ्या प्रत्येकाला वाचता येईल असा, मराठीत, प्रसिद्ध व्हावा.